द्राक्षासवाचे दोन चमचे

आमच्या घरात व्यसन नावालासुद्धा नव्हतं. बाबांनी लग्नातच अट घालून चहाही हद्दपार केला होता. पाहुणा आला की आई शेजारच्या शारदक्कांकडून कपभर कॉफी आणून द्यायची आणि तो गेल्यावर कप मागच्या पायरीवर पालथा घालून ठेवायची, घरात वास नको म्हणून. सुपारीचं खांड नाही, तपकिरीची डबी नाही, पत्त्यांचा जोड नाही. माझ्या आत्यानं बाबांचं स्थळ बेळगावला आईच्या माहेरी नेलं तेव्हा म्हणे तिनं एवढंच सांगितलं, 'मुलगा निर्व्यसनी आहे,' आणि माझ्या आजोबांनी पुढे काही विचारलंच नाही. विचारायला हवं होतं असं मला फार वेळा वाटतं. पण त्यांनी विचारलं असतं तर मी जन्मालाच आले नसते, म्हणून तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे बंगळुरातल्या आमच्या सर्जापूर रोडवरच्या अपार्टमेंटमधली परवाची मीटिंग. बेसमेंटमध्ये जनरेटरच्या मागे नववी-दहावीतली काही मुलं वेप ओढताना सापडली, एकाच्या सॅकमध्ये खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही निघाल्या, आणि ग्रुपवर असा गहजब उडाला की लोक पाण्याच्या टँकरचं भांडणसुद्धा विसरले. क्लबहाउसमध्ये समोसे आणि फिल्टर कॉफी ठेवून ठराव झाला: बेसमेंटमध्ये आणखी कॅमेरे लावायचे. मी मागच्या रांगेतून हात वर केला आणि विचारलं, की ही मुलं शाळेतून आल्यावर वर घरी न जाता जनरेटरमागे का बसतात, हे त्यांना कुणी विचारलंय का. सेक्रेटरी आपल्या पुण्याचाच, गोड मुलगा आहे. म्हणाला, 'आंटी, पॉइंट एकदम व्हॅलिड आहे, पण ते फॅमिलीचं प्रायव्हेट मॅटर होतं ना. आपण कॉमन एरियाचंच बघू शकतो.' मी समोसा खाल्ला आणि घरी आले. समोसा चांगला होता.

तर लहानपणी आमचा कॉमन एरिया म्हणजे बंगळुरातल्याच एका कारखान्याची कॉलनी. एकसारख्या बैठ्या क्वार्टर्स, मध्ये कमरेएवढ्या भिंती, प्रत्येकाच्या अंगणात एक पपईचं झाड. बाबा कारखान्यात तपासणी विभागात होते. यंत्रांचे सुटे भाग मापायचे आणि केसाएवढी चूक दिसली तरी तो भाग नापास करायचा, हे त्यांचं काम. त्यात ते इतके तरबेज होते की संध्याकाळी भोंगा झाला तरी त्यांना ते काम थांबवता यायचं नाही. भोंग्यानंतर बाकीच्या घरांतून मोहरी तडतडल्याचे, पोरांना हाका मारल्याचे, कॉफीच्या भांड्यांचे आवाज सुरू व्हायचे. आमच्याकडे मात्र तेव्हाच सगळं चिडीचूप. आई फडताळाची दारं नीट लागलीत ना ते बघायची. मी चपला भिंतीला समांतर लावायची आणि तांब्या काठोकाठ भरायची, पण उचलताना सांडणार नाही इतपतच. मग फाटकाची कडी वाजायची. हळू वाजली तर ठीक. आपटली, तर आमचं काहीतरी राहून गेलेलं असायचं, आणि ते काय हे बाबा आत आल्यावर शोधून काढायचे.

बाबांनी माझ्यावर कधी हात टाकला नाही, हे त्यांच्या वतीनं सांगायलाच हवं. फूटपट्टी टाकली. स्टीलची होती, कारखान्यातली, तिच्यावरचे आकडे पुसट झालेले. आईच्या वाट्याला ताटं यायची, भरलेली. आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर जायचं, आणि हळदीचा डाग काही केल्या निघायचा नाही, म्हणून त्या भिंतीवर आईनं गणपतीचं कॅलेंडर जरा खालच्या बाजूला लावलं होतं. बाबांचा आवाज चढला की शेजारचे रामण्णा, म्हणजे शारदक्कांचे यजमान, आपला रेडिओ मोठा करायचे. कॉलनीतली ती रीतच होती, दुसऱ्याच्या अब्रूची काळजी घ्यायची रीत. मला तर बरीच वर्षं वाटायचं की कन्नड बातम्या आमच्याकडे काहीतरी घडल्यावरच लागतात.

हे रामण्णा दर शनिवारी पिऊन यायचे. पायरीवर बसून बेसूर आवाजात देवाची पदं म्हणायचे, मध्येच रडायचे, बायकोला 'तू देवी आहेस' म्हणायचे आणि तिथेच आडवे व्हायचे. माझी आई खिडकीतून बघायची आणि हळहळायची, 'काय बाई शारदक्काचं नशीब!' तिकडे शारदक्का माझ्या आईचे सुजलेले डोळे बघून 'अय्यो' म्हणायच्या आणि भिंतीवरून बिसीबेळेभाताचा डबा द्यायच्या. दोघी एकमेकींची मनापासून कीव करायच्या. बाबा मात्र शनिवारी आमची दारं-खिडक्या बंद करून घ्यायचे, मुलीच्या कानावर असले संस्कार नकोत म्हणून.

मी होते बारा-तेरा वर्षांची आणि माझं काहीतरी बिघडलं होतं. भांडं पडलं तरी दचकायची. ताटावर बसलं की घास तोंडात फिरत राहायचा. अंथरूण ओलं व्हायचं, आणि ते वय केव्हाच मागे पडलं होतं. बाबांनी निदान केलं: अशक्तपणा. आपल्या लोकांत काहीही झालं की अशक्तपणाच होतो. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे एक म्हातारे वैद्य होते, त्यांच्याकडे मला नेलं. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि विचारलं, 'झोपेत दचकते का?' बाबा म्हणाले, 'हो.' 'भूक?' 'नाही.' वैद्य म्हणाले, 'अशक्तपणा आहे.' फूटपट्टीचा उल्लेख बाबांनी केला नाही आणि वैद्यांनाही ती नाडीत लागली नसावी. जेवणानंतर दोन्ही वेळा द्राक्षासव, दोन-दोन चमचे.

द्राक्षासव म्हणजे द्राक्षं आंबवून केलेलं काळपट तांबूस औषध. त्यात आपोआप मद्य तयार होतं, हे हल्ली बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तेव्हा छापत होते की नाही कोण जाणे. केसाएवढी चूक पकडणाऱ्या माझ्या बाबांनी ते वाचलंही नसतं, कारण बाटली औषधाची होती आणि तिच्यावर धन्वंतरीचं चित्र होतं. दर महिन्याला ते स्वतः शिवाजीनगरला जाऊन नवी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचे. कधी कधी त्याच बसमध्ये रामण्णा भेटायचे, त्यांच्याही मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. बाबा मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते. रडणाऱ्या पोराला जवळ घ्यायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. 'जवळ घेतलंस की सवय लागेल,' ते आईला म्हणायचे. कुठलीही सवय लागणं म्हणजे त्यांच्या लेखी माणूस नासला. त्यामुळे माझं रडणं कोपऱ्यात आणि आईचं स्वयंपाकघरात, असं व्यवस्थित वाटून दिलेलं होतं. पण औषधाला बंदी नव्हती! दंगा शांत झाला की आई बाटली आणि चमचा घेऊन माझ्याजवळ यायची, खाली बसायची, माझं डोकं आपल्या कोपराच्या खळग्यात घ्यायची. 'आ कर गं बाळा. गिळ. सरी, छान, आता दुसरा.' मग पदरानं तोंड पुसायची, आणि तो हात माझ्या पाठीवर तसाच राहायचा, बाबांनी हाक मारेपर्यंत. आई दुसरा चमचा मुद्दाम सावकाश भरायची, हे मला कळायचं. छातीत ऊब पसरायची, कानांतला आवाज बसायचा. त्यातलं द्राक्षासवाचं किती आणि आईच्या हाताचं किती, हे मला तेव्हा वेगळं करता यायचं नाही. आजही येत नाही.

आई काही दर वेळी मोकळी नसायची. मग मीच शहाणी झाले. भोंगा झाला की तांब्या भरायच्या आधी फडताळ उघडायचं, एक घोट घ्यायचा, दार घट्ट लावायचं. कडी आपटली तरी मग ती लांबच्या कुणाच्या घरी आपटल्यासारखी वाटायची. माझे गाल गुलाबी झाले, जेवण वाढलं, दचकणं कमी झालं. 'बघा,' बाबा आल्यागेल्याला सांगायचे, 'औषध कसं लागू पडलं!' आई बाटली उजेडात धरून बघायची आणि परत ठेवायची. तिला काय कळत होतं आणि काय नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही.

अशात मराठी मंडळाचा गणेशोत्सव आला आणि मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेला विषय आला, 'दारू: संसाराचा शत्रू'. बाबांच्या अंगात आलं. भाषण त्यांनी स्वतः लिहिलं, शुद्ध, ठणठणीत, 'लटपटणारे पाय, अडखळणारी जीभ' वगैरे. रोज संध्याकाळी तालीम. मी टेबलापलीकडे उभी, बाबांच्या हातात फूटपट्टी, 'संसार'वरचा अनुस्वार जरा घसरला की टेबलावर टक्. 'पुन्हा. पहिल्यापासून.' तिसऱ्या टक्नंतर पट्टी टेबलावर पडायची नाही. त्यांनी कारखान्यातल्या लोकांना सांगून ठेवलं होतं, माझी मुलगी बोलणार आहे म्हणून. स्पर्धेच्या दिवशी निघताना माझी वेणी तपासून ते म्हणाले, 'अडखळलीस तर घरी आल्यावर बघू.' गणपतीसमोर मी सगळा वेळ एकच मागत होते, घरी आल्यावर काही बघायला लागू नये.

मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजच्या मागेच स्वयंपाकघर होतं. बायका मोदकांना कळ्या पाडत बसल्या होत्या, आई त्यांच्यात. औषधाची वेळ चुकवायची नाही हा बाबांचाच नियम, म्हणून पिशवीत बाटली होती. प्रसादाचं जेवण झालं आणि आई कुणाच्या तरी हाकेला 'आले' म्हणून उठली. मी नारळाच्या पोत्यामागे बसले आणि बाटली तोंडाला लावली. चमचा नव्हता, त्यामुळे दोन कुठे संपतात ते समजलं नाही.

स्टेजवर दिवे होते. पहिल्या रांगेत बाबा, पांढऱ्या शर्टात, भाषण मनात म्हणत असलेले. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. पहिली दोन वाक्यं मी बरोबर म्हटली. मग पुढचं सगळं पुसून गेलं. आणि काय सांगू, भीतीही पुसून गेली! मला दारुड्याबद्दल बोलायचं होतं, आणि संसाराच्या शत्रूबद्दल मला जेवढी माहिती होती तेवढी मी देऊन टाकली. म्हटलं, 'दारुडा संध्याकाळी घरी येतो. भोंगा झाला की त्याच्या बायकोला घाम फुटतो. तो फाटकाची कडी आपटतो. मग तो फडताळाचं दार बघतो. तांब्या बघतो. मुलगी चपला सरळ लावते, तरी त्याला एक वाकडी दिसते. तो ताट भिंतीवर मारतो. त्या डागावर आई कॅलेंडर लावते. मुलगी रडली तर आईनं तिला जवळ घ्यायचं नाही, सवय लागते. सकाळी दारुडा आंघोळ करून देवपूजा करतो आणि कामावर जातो. लोक म्हणतात, काय सज्जन माणूस आहे!'

बाबांचे ओठ थांबले होते.

हॉलमध्ये बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. टाळ्या थांबेनात. परीक्षक निवृत्त प्राध्यापक होते, तेही गहिवरले. 'एवढ्या लहान वयात एवढं सूक्ष्म निरीक्षण,' ते म्हणाले, 'दारू माणसाचं काय करते, हे या मुलीनं आपल्या डोळ्यांसमोर उभं केलं.' पहिलं बक्षीस, स्टीलचा पेला. तो घ्यायला मी वाकले आणि प्राध्यापकांच्या नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपलांवर सगळं मोदकांसकट ओकले. एकच धावपळ झाली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं दृष्ट लागली. शारदक्का मोदकांसाठी म्हणून आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या पुढे झाल्या, माझं तोंड पुसायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. आईला बेळगावमुळे कन्नड येत होतं, तिला त्या कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, 'विजूच्या आई, हा वास मला पाठ आहे. शनिवारचा आहे.'

दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे सगळी कॉलनी आणि अर्धं मंडळ आमच्याकडे. मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. चर्चा फार सखोल झाली. बाटली वरच्या फळीवर ठेवायला हवी होती. वैद्य बदलायला हवा. हल्लीच्या मुली फार चलाख. कुणीतरी बक्षीस परत घ्यायचं काढलं, पण स्पर्धकानं स्पर्धेआधी काय प्यावं याबद्दल नियमांत काहीच नसल्यामुळे पेला माझ्याकडेच राहिला. सगळ्यांनी मिळून उपाय सुचवला, तो बाबांनी दुपारीच अमलात आणला: फडताळाला कुलूप. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. बाटली मोरीत ओतली. आणि ज्या दारुड्यासाठी आदल्या दिवशी एवढ्या टाळ्या पडल्या होत्या, तो कोण, कुठे राहतो, हे त्या सगळ्या लोकांतल्या एकानंही विचारलं नाही.

तो प्रश्न, वेगळ्या शब्दांत, पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारला. मी तेव्हा नोकरीला लागले होते आणि खोकला नसताना खोकल्याचं औषध पीत होते, रोज, ऑफिस सुटायच्या वेळेला. माझ्या त्या सुटायच्या वेळेलाही जवळच्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा व्हायचा, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. बाईंनी किती पितेस, कधीपासून पितेस, असलं काही विचारलं नाही. म्हणाल्या, 'लहानपणी तुमच्या घरी संध्याकाळी काय व्हायचं?' मी तिथे टेबलावर डोकं ठेवून रडले. सुटायला त्यानंतरही फार वेळ लागला, आणि त्यात मर्दुमकीचं काही नव्हतं. पण सुरुवात त्या प्रश्नानं झाली. परवाच्या मीटिंगमध्ये मी तोच विचारत होते, फक्त माझ्याकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती आणि समोसे गार होत होते.

नाही म्हणायला, एका माणसानं तेव्हाच विचारलं होतं. स्वतः बाबांनी. सोमवारी भोंगा झाला. मी चपला लावल्या, तांब्या भरला, फडताळापाशी गेले आणि कुलूप बघून परत आले. कडी आपटली. बाबा आले, त्यांनी चपला बघितल्या नाहीत, तांब्या बघितला नाही. सरळ टेबलापाशी जाऊन फूटपट्टी उचलली आणि म्हणाले, 'विजया, तो दारुडा कोण?' मला उत्तर येत होतं. त्यांनाही येत होतं. 'मी विचारतोय, कोण? पहिल्यापासून सांग.' पट्टी एकदा पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की माझा मलाच तो ओळखू आला नाही.

मी रेडिओची वाट बघत होते. रेडिओ लागला नाही. भिंतीपलीकडे रामण्णा आणि शारदक्का आपल्या पपईखाली येऊन उभे होते, आमच्या दाराकडे तोंड करून, आणि रामण्णा तर सोमवारचे, म्हणजे पूर्ण शुद्धीवर. बाबांनी ते बघितलं. पट्टी वरच राहिली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली, हातात चमचा घेऊन. सवयीनं घेतला असणार. 'औषध बंद आहे,' बाबा म्हणाले. 'ठाऊक आहे मला,' आई म्हणाली. तिनं रिकाम्या चमच्याकडे पाहिलं आणि तो टेबलावर ठेवला. मग ती उंबऱ्याशी, उघड्या दारात, रामण्णांना दिसेल अशी खाली बसली, आणि मला ओढून तिनं माझं डोकं कोपराच्या खळग्यात घेतलं. तिच्या हाताला फोडणीचा वास होता.

'जवळ घेऊ नकोस तिला,' बाबा म्हणाले. 'सवय लागेल.'

'लागू दे,' आई म्हणाली.